हातातला फोन आणि लांबचा टॉवर

शिरूर तालुक्यात मोबाईल बनत होते, असे वर्गात सांगितले की मुले एकमेकांकडे बघून हसतात. सर काहीतरी फेकतात, असे त्यांना वाटते. पण ते खरे आहे. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावच्या एमआयडीसीत एलजीचा कारखाना आहे. आज तिथून फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही बाहेर पडतात. २००५ मध्ये याच ठिकाणी जीएसएम मोबाईल तयार करायला सुरुवात झाली होती. अष्टविनायकाच्या गावात कोरियन कंपनीचा मोबाईल तयार होतो, याचे तेव्हा पंचक्रोशीत अप्रूप होते. आयटीआय झालेली पोरे तिथे चिकटावे म्हणून खटपट करायची. पुढे एप्रिल २०२१ मध्ये एलजीने जगभरातला आपला मोबाईलचा धंदाच बंद करत असल्याचे जाहीर केले. फ्रिज राहिले, मोबाईल गेला.

मोबाईलचा इतिहास आपल्याकडे बहुधा कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. नोकिया आली, नोकिया गेली, सॅमसंग आली, चिनी फोन आले. मला तो तसा पुरेसा वाटत नाही. फोन हातात असतो म्हणून आपण फोनकडे बघतो. पण त्याची उंची, वजन, बॅटरी, त्याला ॲन्टेना दिसते की नाही, पुढे कॅमेरा का आहे, हे बरेचसे ठरते ते लांबच्या टॉवरवरून. टॉवरची पिढी बदलली की फोनला आपले अंग बदलावे लागते. आणि फोन बदलला की माणसाला खिशात हात घालावा लागतो. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मी जे पाहिले, त्यातून हे लिहितो आहे.

सुरुवात ॲन्टेनापासून करू. फोन आणि टॉवर यांच्यात रेडिओच्या लाटा असतात. लाटेच्या लांबीच्या साधारण चौथा हिस्सा एवढी ॲन्टेना असली की ती नीट काम करते. ९०० मेगाहर्ट्झची लाट सुमारे ३३ सेंटिमीटरची. तिचा पाव हिस्सा म्हणजे आठ सेंटिमीटर, आपल्या करंगळीहून थोडा जास्त. जुन्या मोबाईलच्या डोक्यावर जे शिंग असायचे ते या हिशेबातून आलेले होते. १८०० मेगाहर्ट्झला तेच चार सेंटिमीटरवर येते.

पहिल्या पिढीचे जाळे भारताने पाहिलेच नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये मोटोरोलाचा डायनाटॅक बाजारात आला, तेव्हा त्याचे वजन पाऊण किलोच्या वर होते, किंमत ३,९९५ डॉलर, आणि बोलायला मिळायचे अर्धा तास. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना पहिला फोन लावला तो थेट दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे जीएसएमच्या जाळ्यावर. नंतर महाराष्ट्र सर्कलमध्ये बीपीएल आणि बिर्ला एटीअँडटी या दोन कंपन्या आल्या. बिर्लाचीच पुढे आयडिया झाली. त्या काळात येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. त्यामुळे मोबाईल कमरेला दिसला तर तो माणूस बिल्डर, डॉक्टर किंवा पुढारी असे समजायला हरकत नसे.

या दुसऱ्या पिढीत एक गंमत होती, जी आजच्या मुलांना समजावून सांगणे अवघड जाते. फोन वाजण्याच्या आधी दोन-तीन सेकंद टीव्हीतून, टेपमधून, स्पीकरमधून ‘टर्र-टक-टक, टर्र-टक-टक’ असा आवाज यायचा. मस्जिदीत जुम्याच्या खुत्ब्यात इमामसाहेब बोलत असताना भोंग्यातून तो आवाज आला की पहिल्या सफेपासून शेवटच्या सफेपर्यंत सगळ्यांचे हात खिशाकडे जायचे. नमाजेच्या आधी ‘सफा सीधी कर लो’ याच्या जोडीला ‘मोबाईल बंद कर लो’ हे वाक्य तेव्हाच कायमचे चिकटले.

त्यामागचे कारण असे. जीएसएममध्ये एका वाहिनीवर आठ जण बोलतात, पण पाळीपाळीने. प्रत्येक फोनला सेकंदाला सुमारे २१७ वेळा छोटी संधी मिळते आणि तेवढ्या क्षणापुरता तो पूर्ण जोराने, दोन वॉटपर्यंत, ओरडतो आणि गप्प होतो. हे २१७ धक्के जवळच्या ॲम्प्लिफायरच्या वायरीत शिरतात आणि कानाला ऐकू येतात. बाजारात त्याच धक्क्यांवर चालणारे चमचमते स्टिकर आणि दिव्याच्या ॲन्टेना मिळायच्या, फोन यायच्या आधी लुकलुकणाऱ्या. त्यांना वेगळी बॅटरी लागत नसे, फोनच्या ओरडण्यावरच त्या जगायच्या. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत फोनचा जोर दोन वॉटवरून पाव वॉटच्या आसपास उतरला, पाळीपाळीने ओरडणे संपले, आणि त्या दिव्यांचा धंदा बसला. मस्जिदीतली टकटकही गेली. आता फक्त रिंगटोन वाजतात.

शिंग फोनच्या पोटात जायला १९९८-९९ साल उजाडले. नोकियाच्या ८८१० आणि मग ३२१० या फोनांनी ॲन्टेना आत, पाठीच्या प्लॅस्टिकखाली पत्र्यासारखी बसवली. माझ्या मते मोबाईल सामान्य माणसाचा झाला तो या बदलाने. शिंगवाला फोन विजारीच्या खिशात जात नाही, मोडतो. शिंग गेल्यावर तो विजारीत, बंडीत, भाजीच्या पिशवीत जाऊ लागला. २००३ मध्ये नोकिया ११०० आला. वजन ८६ ग्रॅम, धूळ आत जाऊ नये म्हणून अखंड रबराचा कीपॅड, हातातून सटकू नये म्हणून खडबडीत कडा, आणि डोक्यावर बॅटरी. बॅटरी म्हणजे आपल्याकडची, उजेडाची. भारनियमनाच्या दिवसांत ती बॅटरी बोलण्यापेक्षा जास्त वापरली गेली असेल. एकदा चार्ज केला की आठवडाभर बघायला नको. जगात या एका मॉडेलचे २५ कोटींहून जास्त नग विकले गेले. याला मी दुसऱ्या पिढीचा खरा चेहरा मानतो: जाळे फक्त आवाज आणि अक्षरे वाहून नेत होते, म्हणून फोनही तेवढाच होता. पडदा मोठा करायचे कारणच नव्हते.

अक्षरांचे मात्र मला, भाषेचा शिक्षक म्हणून, जरा वेगळे सांगायचे आहे. जीएसएमच्या एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरे आखडून बसवली तर १६० होतात. पण मराठी किंवा उर्दू लिपीत लिहिले की प्रत्येक चिन्हाला दोन बाइट, म्हणजे जेमतेम ७० चिन्हे. मराठीत तर काना, मात्रा, वेलांटी हेही वेगळे चिन्ह म्हणून मोजले जाते. ‘ईद मुबारक, घरी सगळ्यांना सलाम’ एवढे लिहिताना निम्मा एसएमएस भरतो. थोडे लांबवले की दोन एसएमएसचे पैसे. वर समोरच्याच्या फोनमध्ये ती लिपी नसली तर त्याला दिसायचे नुसते चौकोन. मग लोकांनी सरळ रोमन अक्षरांत मराठी आणि उर्दू लिहायला घेतली. मुलांच्या निबंधाच्या वह्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ वाढला त्याचे सगळे खापर मी मोबाईलवर फोडणार नाही, पण एका पूर्ण पिढीचा रोजचा पत्रव्यवहार तिच्या स्वतःच्या लिपीत झाला नाही, याचे कारण आळस हे नव्हते. युरोपात ठरलेल्या १४० बाइटच्या डबीत आमची लिपी महाग पडत होती. उर्दूची नस्तालीक तर फोनला झेपायला फार उशीर लागला. आयफोनमध्ये ती २०१७ मध्ये आली.

याच सुमारास दुसरी वाटही निघाली होती, सीडीएमएची. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने ही सेवा सुरू केली आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून फोन घरी न्या, अशी योजना काढली. त्या काळी गाजलेला एलजीचा आरडी २०३० हा फोन याच जाळ्यावरचा. या फोनांना सिमकार्ड नसायचे. नंबर फोनच्या आतच कोरलेला. जीएसएमवाला सिम काढून दुसऱ्या फोनात घालायचा. सीडीएमएवाल्याचा फोन बिघडला की नंबरच आजारी पडायचा. कायद्यानेही फोनला आकार दिला. काही कंपन्यांकडे परवाना होता तो घरच्या फोनचा, फक्त वायरीऐवजी हवेतून चालणाऱ्या. म्हणून टाटा इंडिकॉमचा वॉकी आला: दिसायला टेबलावरचा साधा फोन, पाठीला ॲन्टेना. वाण्याच्या दुकानात, पिठाच्या गिरणीत, एसटी स्टँडवरच्या एक रुपयाच्या डब्यात तोच असायचा. त्याला मोबाईल म्हणावे की घरचा फोन, हे लोकांनी कधी ठरवले नाही. २०१६ मध्ये रिलायन्सने सीडीएमएचे जाळे गुंडाळून त्याच लहरींवर ४जी चालवायचे ठरवले आणि हे सगळे हँडसेट, चांगले चालू असलेलेसुद्धा, एका झटक्यात भंगार झाले. जीएसएमचा वीस वर्षांपूर्वीचा फोन आजही बॅटरी घालून बोलता येतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

तिसऱ्या पिढीबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण ती आमच्याकडे नीट आलीच नाही. २०१० मध्ये लिलाव झाला, कंपन्यांनी ६७ हजार कोटींहून अधिक रुपये ओतले, आणि ते वसूल करायला दर एवढे ठेवले की माणसे ३जीचा फोन घेऊन इंटरनेट बंद ठेवायची. पण एक गोष्ट त्या पिढीने मागे ठेवली. ३जीची जाहिरात होती व्हिडिओ कॉलची, आणि समोरासमोर दिसायचे तर कॅमेरा पडद्याच्या बाजूला हवा. म्हणून फोनच्या कपाळावर दुसरा छोटा कॅमेरा आला. व्हिडिओ कॉल तेव्हा कुणी केले नाहीत, कॅमेरा मात्र राहिला, आणि आज लग्नात नवरदेवापेक्षा सेल्फीला जास्त वेळ जातो.

इथे माझ्याच म्हणण्याला एक अपवाद नोंदवतो. बोटाने चालणारा काचेचा पडदा टॉवरने मागितलेला नव्हता. डिसेंबर २००६ मध्ये एलजीने प्राडा फोन जाहीर केला, जानेवारी २००७ मध्ये ॲपलने आयफोन दाखवला, आणि दोन्ही दुसऱ्या पिढीच्या जाळ्यावरचे होते. तिथे फोन पुढे गेला आणि टॉवरला त्याच्या मागे धावावे लागले. काचेवर एवढे सगळे दिसायला लागल्यावर ते आणून देणारे जाळे हवेच होते.

ते आले चौथ्या पिढीत. आणि आले तेव्हा त्यात एक विचित्र उणीव होती: त्या जाळ्याला बोलता येत नव्हते. ४जी हे मुळात इंटरनेट वाहून नेण्यासाठी आखलेले. आवाजासाठी वेगळी वाट त्यात ठेवलेलीच नव्हती. त्यामुळे सुरुवातीचे ४जी फोन कॉल आला की गुपचूप २जी किंवा ३जीवर उतरायचे, बोलणे झाले की परत वर चढायचे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाली तिच्याकडे खाली उतरायला जागाच नव्हती. तिचे जाळे नुसते ४जी. म्हणजे आवाजही इंटरनेटच्या पुडक्यांतून न्यायचा, ज्याला व्होल्टी म्हणतात. ज्या फोनात ती सोय नाही त्यात सिम घालून नुसते इंटरनेट चाले, साधा कॉल लावायला वेगळे ॲप टाकावे लागे. शिरूर-दौंडच्या मोबाईल दुकानांत त्या वर्षी एकच प्रश्न होता: ‘यात जिओ चालतं का?’ फोनच्या इतिहासात गिऱ्हाइकाने एवढा नेमका तांत्रिक प्रश्न क्वचितच विचारला असेल.

मग जुलै २०१७ मध्ये जिओफोन जाहीर झाला. बाहेरून नोकियासारखा, बटणांचा, २.४ इंचांच्या पडद्याचा, आतून ४जी. १,५०० रुपये अनामत. बटणे ठेवली होती ती जुन्या हातांसाठी, जाळे होते ते नव्या पिढीचे. मला हा फोन आजही फार हुशारीचा वाटतो. ज्या बायकांना काचेवर बोट फिरवायची भीती वाटायची त्यांनी तो बटणे दाबून चालवला. व्हॉट्सॲप त्यावर यायला मात्र सप्टेंबर २०१८ उजाडले.

त्याची मर्यादा कळली २०२० मध्ये. शाळा बंद झाल्या आणि राज्यात ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ हा उपक्रम सुरू झाला. दीक्षा ॲप, व्हॉट्सॲपवर अभ्यास, झूमवर वर्ग. आम्ही शिक्षकांनी पालकांच्या नंबरांची यादी काढली तेव्हा ती आपोआप तीन भागांत पडली. एक, ज्यांच्याकडे अँड्रॉइड. दोन, ज्यांच्याकडे जिओफोन. तीन, ज्यांच्याकडे नुसता कीपॅड. पहिल्या भागातही फोन बापाचा, आणि बाप कुरकुंभच्या नाहीतर रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला. दुसऱ्या भागात व्हॉट्सॲप यायचे, पण अडीच इंचांच्या पडद्यावर वहीच्या पानाचा फोटो वाचून दाखवा! तिसऱ्या भागातल्या मुलांना मी रोज ठरलेल्या वेळी फोन करून धडा वाचून दाखवायचो. उर्दूचे शुद्धलेखन फोनवर घालता येते, कविता पाठ करून घेता येते. भूमिती येत नाही. एकाच वर्गातली मुले तीन पिढ्यांच्या जाळ्यांवर बसली होती आणि त्यांना आम्ही एकच परीक्षा देणार होतो.

पाचवी पिढी भारतात सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला. गंमत म्हणजे ‘५जी’ लिहिलेले फोन आपल्याकडे फेब्रुवारी २०२० पासूनच विकले जात होते. अडीच वर्षे लोकांनी न आलेल्या पाहुण्यासाठी खुर्ची विकत घेऊन ठेवली. त्या फोनांच्या पोटात काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. ४जीला निदान दोन ॲन्टेना लागतात, ५जीला चार. शिवाय लहरींचे पट्टे वाढले: ७०० मेगाहर्ट्झपासून ३,५०० च्या आसपास. एकीची पाव लांबी दहा सेंटिमीटरच्या वर, दुसरीची दोन सेंटिमीटर. वर वाय-फाय, जीपीएस वेगळे. एवढ्या सगळ्या ॲन्टेना ठेवायच्या कुठे? तर कडेला. धातूच्या कडेवर जे प्लॅस्टिकचे बारीक पट्टे दिसतात ती नक्षी नाही. त्या पट्ट्यांनी कड तोडून तिच्याच तुकड्यांच्या ॲन्टेना केलेल्या असतात. २०१० मध्ये आयफोन ४ मध्ये असा एक सांधा डाव्या तळहाताखाली आला आणि हात लागला की रेंज जायची, तेव्हा जगभर ओरड झाली. आता फोन एक हात झाकला गेला तर दुसऱ्या कडेच्या ॲन्टेनावर जातो. या सगळ्याला बॅटरी मोठी लागते, मोठ्या बॅटरीला मोठा फोन लागतो, आणि म्हणून विजारीच्या खिशात बसणारा फोन पुन्हा खिशाबाहेर डोकावू लागला आहे.

या शर्यतीत एलजी मागे नव्हती. डिसेंबर २००८ मध्ये ४जी फोनसाठीची पहिली मोडेम चिप तयार केल्याचे तिनेच जाहीर केले होते. २०२१ च्या जानेवारीत गुंडाळता येणाऱ्या पडद्याचा फोन दाखवला आणि तीन महिन्यांत दुकान बंद.

आता त्या फरकाकडे येतो. भारतात ३जी हे २जीच्या आधी मेले. एअरटेलने २०२० पर्यंत आपले ३जी बंद केले, व्होडाफोन आयडियानेही पाठोपाठ काढून घेतले. धाकटा गेला आणि थोरला राहिला, कारण थोरल्याच्या अंगावर घर होते: कीपॅड फोन, दुकानातली कार्ड घासायची यंत्रे, आणि आमच्या भागात मोबाईल स्टार्टर.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. शिरूर आणि दौंडच्या ऊसपट्ट्यात शेतीची वीज आळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री मोटार चालू करायला विहिरीवर किंवा नदीकाठी जायचे तर उसातून जावे लागते, आणि उसात बिबट्या आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात ही गप्पांतली भीती नाही, माणसे गेली आहेत. म्हणून शेतकरी मोटारीच्या पेटीत एक डबी बसवतात. तिच्यात सिम असते. घरून फोन लावायचा, बटण दाबायचे, मोटार चालू. लाईट आली-गेली की डबीच उलटा फोन करते. ही डबी म्हणजे पडदा नसलेला, दुसऱ्या पिढीचा मोबाईल. पेटी लोखंडाची, आत रेंज येत नाही, म्हणून तिची ॲन्टेना वायरने बाहेर काढून वर चिकटवलेली असते. नोकियाने १९९८ मध्ये पोटात घातलेले शिंग भीमेच्या आणि घोडच्या काठावर अजून बाहेर उभे आहे.

२०२४ मध्ये जिओने ट्रायपुढे म्हणणे मांडले की २जी आणि ३जी पूर्ण बंद करण्याचे धोरण सरकारने आखावे. रिकाम्या झालेल्या लहरी नव्या पिढीला मिळतील. त्यात तथ्य आहे. सरकारने तारीख ठरवलेली नाही. दुकानांत आता ४जीचे स्टार्टर आले आहेत, पण ते महाग पडतात, आणि जुनी डबी चालू असताना नवी कोण घेईल? न्हावऱ्याकडचे एक पालक मुलाचा दाखला न्यायला आले होते, त्यांनी मला विचारले, ‘सर, टूजी बंद होणार म्हणतात, खरं का?’ मी म्हटले, लगेच नाही. ते म्हणाले, ‘मग यंदाचा खोडवा निघेल.’